रुळांच्या दक्षिणेची पालिका

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत सिडनीतल्या मराठी वस्तीवर आलेला लेख माझ्या धाकट्या बहिणीने डोंबिवलीहून फोनवर पाठवला. ज्या उपनगरात मी १९९६पासून राहते त्या वेंटवर्थव्हिलचं नाव मराठी वर्तमानपत्रात छापलेलं पाहून मला किती आनंद झाला, ते इथे लिहून सांगता येणार नाही. स्टेशनबाहेरच्या दुकानात जाडे पोहे आणि भाजणी मिळते, हे लेखात आलं. भाद्रपदाच्या आधी गणपतीच्या मूर्ती कुठे मिळतात, तेही आलं. लेखिकेने मन लावून लिहिलं आहे.

पण एका वाक्यापाशी मी थांबले. ‘पॅरामॅटा महापालिकेच्या हद्दीतील वेंटवर्थव्हिल’ असं त्यात म्हटलं आहे. रेल्वेच्या रुळांच्या उत्तरेकडच्या भागाबद्दल ते खरं आहे. लेखात वर्णन केलेली दुकानं, डनमोर स्ट्रीट, जिथे आमची मराठीची शाळा भरायची ते सभागृह, हे सगळं मात्र रुळांच्या दक्षिणेला आहे. दक्षिणेची बाजू पॅरामॅटाची कधीच नव्हती. ती होलरॉइड पालिकेची होती. २०१६मध्ये होलरॉइड बरखास्त झाली आणि तेव्हापासून आम्ही कंबरलँड पालिकेत आहोत. चूक छोटी आहे आणि बाहेरून आलेल्या माणसाकडून सहज होणारी आहे. तरी मी हे पत्र लिहायला बसले, कारण होलरॉइड हे नाव आता आमच्या गल्लीतल्या नव्या मराठी मुलांनाही माहीत नाही. ज्या पालिकेच्या महापौरांसमोर त्यांच्या आईवडिलांनी नागरिकत्वाची शपथ घेतली, तिचं नाव त्यांच्या घरात कुणी उच्चारत नाही.

वाचकांना आधी नकाशा सांगते. सिडनीच्या मध्यभागापासून पश्चिमेला साधारण पंचवीस किलोमीटरवर मेरीलँड्स आहे. पालिकेची कचेरी तिथे होती. मेरीलँड्सच्या भोवती गिल्डफर्ड, ग्रेस्टेन्स, वेंटवर्थव्हिल, पेंडल हिल, गिरावीन अशी उपनगरं. सगळं मिळून सुमारे ४० चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ९९,१६३ होती, म्हणजे लाखाला थोडी कमी. मुंबईच्या मानाने एखाद्या प्रभागाएवढी वस्ती. पण तिला स्वतःचा महापौर होता, बारा नगरसेवक होते, आणि नगरसेवक बाजारात भेटायचे.

ही पालिका १८७२ साली स्थापन झाली. तेव्हा तिचं नाव होतं प्रॉस्पेक्ट आणि शेरवुड. पहिले महापौर आर्थर टॉड होलरॉइड. या माणसाचं चरित्र मी मेरीलँड्सच्या ग्रंथालयात बसून वाचलं आणि घरी येऊन यजमानांना सांगत राहिले. जन्म १८०६चा, लंडनचा. शिक्षण वैद्यकाचं. मग वकिली. मधल्या काळात, १८३०च्या दशकात, हे गृहस्थ नाईल नदीने वर वर जात सुदानपर्यंत पोचले, कोर्दोफान प्रांतात फिरले. गुलामांचा व्यापार त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि परत येऊन त्याबद्दल लिहिलं. पुढे न्यूझीलंड, आणि १८४५ साली सिडनी. इथे वकिली केली, विधिमंडळात गेले, १८६३ ते १८६५ या काळात सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री होते. मेरीलँड्सजवळ शेरवुड नावाची त्यांची इस्टेट होती, आणि तिथे त्यांनी काय काढलं असेल? कौलांचा आणि निचऱ्याच्या मातीच्या नळ्यांचा कारखाना. इथली जमीन चिकणमातीची. पाऊस पडला की पाणी साचून राहायचं, म्हणून शेतातलं पाणी काढायला भाजलेल्या नळ्या लागायच्या. आजोळी कौलारू घरात वाढलेल्या मला हा माणूस त्या कारखान्यामुळे जवळचा वाटला, मंत्रिपदामुळे नाही. ‘मेरीलँड्स’ हे नावही त्यांच्या इंग्लंडमधल्या घरावरून आलेलं आहे. १८८७मध्ये ते वारले. पालिकेला त्यांचं नाव मिळालं ते चाळीस वर्षांनी, १९२७ साली.

तो कारखाना पुढे गुडलेट अँड स्मिथ कंपनीकडे गेला आणि विटांची मोठी भट्टी झाली. सिडनीची किती घरं या मातीच्या विटांनी उभी राहिली असतील याचा हिशेब मला करता येत नाही. भट्टी बंद झाली, पण उंच धुराडं आणि जुन्या भट्टीचा भाग राखून भोवती बाग केली. तिचं नाव होलरॉइड गार्डन्स. संध्याकाळी तिथे सगळ्या देशांची मुलं पळत असतात आणि मधोमध ते विटांचं धुराडं. मला ते पाहून दर वेळी लालबाग आठवतं. त्याचं कारण पुढे सांगते.

पालिकेच्या आधीचा इतिहासही इथलाच आहे, आणि तो वगळला तर पत्र अर्धवट राहील. ही भूमी दारुग या मूलनिवासी लोकांची. आमच्या पश्चिमेला प्रॉस्पेक्ट टेकडी आहे, ज्वालामुखीच्या खडकाची. वर्षानुवर्षं खाणीने ती पोखरली. वसाहतीचा पहिला गव्हर्नर फिलिप १७८८च्या एप्रिलमध्ये या बाजूला आला तेव्हा त्याने तिचं नाव बेलव्ह्यू ठेवलं होतं. १७९१मध्ये शिक्षा संपलेल्या कैद्यांना टेकडीच्या पायथ्याशी जमिनी वाटल्या, आणि ज्यांची ती जमीन होती त्यांच्याशी झगडा सुरू झाला. पेमलवुय हा मूलनिवासी योद्धा बारा वर्षं लढला. १८०२मध्ये त्याला गोळी घालून मारलं आणि त्याचं शीर इंग्लंडला पाठवलं. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण त्याच टेकडीची दुसरीही गोष्ट आहे. १८०५च्या मे महिन्यात स्थानिक स्त्रियांनी पुढाकार घेतला आणि याच भागात गोरे वसाहतकार आणि मूलनिवासी यांच्यात समेटाची बैठक झाली. होलरॉइडच्या काळात टेकडीच्या बाजूला नवीन उपनगर वसलं, त्याला पेमलवुय हे नाव मिळालं. आज तिथे कितीतरी भारतीय कुटुंबं राहतात आणि पत्त्यात रोज ते नाव लिहितात. ते कोणाचं नाव आहे हे आपल्या मुलांना सांगावं, एवढं मी त्यांच्या आईवडिलांना कळवळून सांगत असते. तसंच गिरावीन. ते मूलनिवासी भाषेतलं नाव आहे, अर्थ ‘फुलांची जागा’. आपल्या लोकांना ते फक्त तिथल्या सरकारी हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेमुळे ठाऊक असतं.

पाण्याचं थोडं सांगते, कारण पाण्यावाचून कुठलंच शहर कळत नाही. मुंबईला तानसाचं पाणी १८९२मध्ये आलं. त्याच्या चार वर्षं आधी, १८८८मध्ये, सिडनीला प्रॉस्पेक्ट जलाशयाचं पाणी मिळू लागलं. जलाशयापासून गिल्डफर्डजवळच्या पाइपहेडपर्यंत उघडा कालवा होता, तो सरळ होलरॉइडमधून जायचा. ग्रेस्टेन्समध्ये सखल जागेवरून पाणी नेण्यासाठी विटांचा जलसेतू बांधला, बावीस कमानींचा. बूथटाउन जलसेतू त्याचं नाव. वीसेक वर्षांनी त्याच्याऐवजी जमिनीखालून नळ घातला, पण कमानी तशाच उभ्या आहेत. कालवा १९९५मध्ये बंद झाला. आता तो भरून त्यावर साडेसात किलोमीटरहून लांब पायवाट केली आहे. मी आणि यजमान रविवारी त्या वाटेने चालतो. दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडं, मध्ये कुठे जुन्या कालव्याचा काठ दिसतो. मुंबईत असताना तानसाच्या पाइपलाइनवरून चालत शाळेत जाणाऱ्या मुली माझ्या वर्गात होत्या. त्या इथे माझ्या सोबत चालत असत्या तर त्यांना वाट अनोळखी वाटली नसती.

आता लालबागची गोष्ट.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, जॉबर (मुकादम) होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. त्यानंतर अण्णा गिरणीत परत गेले नाहीत. भोंगा वाजायचा बंद झाला तरी पहाटे साडेपाचला ते उठून बसायचे. आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो, तिथेही. १९९६मध्ये यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही सिडनीला आलो. घर शोधताना मला नकाशावरचं काही कळत नव्हतं, भाडं परवडतं आणि स्टेशन जवळ आहे म्हणून वेंटवर्थव्हिल घेतलं. घर घेतल्यावर आठवडाभराने मी चालत चालत डनमोर स्ट्रीटच्या टोकाकडे गेले आणि समोर गिरणी. विटांच्या भिंती, दातेरी छपरं, लांबच लांब कुंपण. मी रस्त्यातच उभी राहिले.

ती बाँड्सची गिरणी होती. ऑस्ट्रेलियात बाँड्सचा गंजिफ्रॉक न घातलेला माणूस सापडणं कठीण. संस्थापक जॉर्ज बाँड हा मूळचा अमेरिकन. त्याने १९२३मध्ये इथे सूतगिरणी काढली, ऑस्ट्रेलियातली सुरुवातीची कापसाची गिरणी. चार वर्षांत तो स्वतः दिवाळखोर झाला, पण गिरणी चालत राहिली. शेजारच्या उपनगराचं नाव पेंडल हिल आहे, ते इंग्लंडच्या लँकेशरमधल्या टेकडीचं नाव, आणि लँकेशर म्हणजे कापडगिरण्यांचं माहेर. १९२४मध्ये तिथे स्टेशन झालं. लँकेशरच्या गिरण्यांनी आपल्या गिरणगावाला यंत्रं दिली, स्पर्धाही दिली. सिडनीच्या या कोपऱ्यात त्याच लँकेशरच्या टेकडीच्या नावाचं स्टेशन निघावं, याचं मला त्या दिवसापासून आश्चर्य वाटत आलं आहे.

२००३ साली अण्णा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. त्यांना ऑपेरा हाउस दाखवलं, हार्बर ब्रिज दाखवला. त्यांनी ते सगळं शांतपणे पाहिलं. मग एके दिवशी दुपारी मी त्यांना डनमोर स्ट्रीटवर नेलं. कुंपणाशी उभं राहून ते छपराकडे पाहत राहिले. ‘‘उत्तरेचा उजेड घेतलाय,’’ म्हणाले, ‘‘आपल्याकडेही तसंच.’’ मी म्हटलं, अण्णा, इथे सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे उलटं असेल. त्यांना ते पटायला वेळ लागला. ‘‘चात्या किती असतील गं?’’ त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. तेवढ्यात पाळी सुटली आणि एक वयस्कर माणूस फाटकातून बाहेर आला. त्याच्या बाहीवर कापसाचे तंतू होते. अण्णांनी हात पुढे केला, ते तंतू चिमटीत धरले आणि अंगठ्या-तर्जनीत ओढून लांबी पाहिली. कापसाचा तंतू किती लांब आहे हे जॉबर असंच पाहतात. त्या माणसाला एक शब्दही समजावून सांगावा लागला नाही. तो हसला आणि त्याने अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. मी त्यांचा फोटो काढला. अण्णा त्यानंतर दोन वर्षांनी गेले.

२००९च्या फेब्रुवारीत कंपनीने ऑस्ट्रेलियातले कारखाने बंद करून काम आशियात नेण्याचं जाहीर केलं. देशभर १,८५० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. वेंटवर्थव्हिलची गिरणीही त्यात होती. बायका फाटकापाशी रडत होत्या ते मी बातम्यांत पाहिलं. आता त्या जागेवर इमारती उभ्या राहत आहेत, गिरणीच्या काही जुन्या भिंती राखून. अण्णांना हे पाहावं लागलं नाही, याचं मला बरं वाटतं. लालबागमध्ये त्यांनी ते एकदा पाहिलं होतं.

गिल्डफर्डचं लिनवुड हे घरही मला इथे सांगायला हवं, कारण त्यात मुंबईचा धागा आहे. ते १८९१च्या सुमारास जॉर्ज मॅक्रेडी या इंजिनिअरने बांधलं. १९००मध्ये सिडनीत प्लेग आला. तोच प्लेग, जो १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत पहिल्यांदा दिसला आणि ज्याने पुढच्या वर्षी पुणं रिकामं केलं, तो बंदरा-बंदरांनी फिरत इथे पोचला होता. सिडनीत त्या वर्षी ३०३ जणांना लागण झाली आणि १०३ माणसं दगावली. बंदराजवळच्या वस्त्या बंद करून झाडून-धुऊन काढायचं काम या मॅक्रेडींकडे होतं. त्या वेळी काढलेल्या फोटोंचे संग्रह आज जपून ठेवलेले आहेत: अंगणातला कचरा, मेलेले उंदीर, घरं पाडणारे मजूर. मी ते पाहिले तेव्हा आजीने सांगितलेल्या गोष्टी आठवल्या, माणसं गावाबाहेर झोपड्या बांधून राहिल्याच्या. ते काम करणारा माणूस संध्याकाळी आमच्या गिल्डफर्डला घरी यायचा.

होलरॉइडने मला काय दिलं ते आता लिहिते. १९९९मध्ये आम्ही चौघांनी नागरिकत्वाची शपथ घेतली. ऑस्ट्रेलियात हा समारंभ स्थानिक पालिका करते. मेरीलँड्सच्या सभागृहात जवळपास पन्नास-साठ माणसं होती: लेबनॉनची, श्रीलंकेची, चीनची, फिजीची आणि आम्ही. मी नऊवारी नेसले होते. महापौरांनी हात मिळवला आणि प्रत्येकाला एक रोपटं दिलं. आमचं बॉटलब्रशचं निघालं. आज ते घराच्या पन्हळीच्या वर गेलं आहे आणि त्याला लाल फुलं आली की हिरवे पोपट येऊन कलकलाट करतात.

त्याच सुमारास आम्ही काही जणींनी दर शनिवारी मराठीचे वर्ग सुरू केले. पहिल्या वर्षी अकरा मुलं होती. पालिकेचं सभागृह भाड्याने मिळायचं, दोन तासांचं. अर्ज कागदावर भरायचा, मेरीलँड्सला नेऊन द्यायचा, तिथली बाई नावानिशी ओळखायची. एकदा मी ‘मराठी’चं स्पेलिंग चुकीचं लिहिलं तर तिने दुरुस्त करून दिलं, कारण मागच्या पावत्यांवर तिने ते पाहिलं होतं. मला माहीत आहे, ही फार छोटी गोष्ट आहे. पण मुंबईहून आलेल्या मला सरकारी कचेरीत कुणीतरी आपल्या भाषेचं नाव बरोबर लिहितंय, हे पहिल्यांदाच घडत होतं. लाखाहून कमी वस्तीच्या गावात ते घडू शकतं.

आमच्या मेज हिलवर मुरुगन मंदिर १९९९मध्ये झालं. आम्ही दसऱ्याला तिथे जातो. ऑबर्नचं श्री मंदिर त्याहून जुनं, १९७७चं, ऑस्ट्रेलियातलं पहिलं हिंदू मंदिर. ते आधी ऑबर्न पालिकेत होतं. आता दोन्ही एकाच पालिकेत आहेत, आणि का, ते आता सांगते.

न्यू साउथ वेल्स सरकारने छोट्या पालिका जोडून मोठ्या करायचं ठरवलं. म्हणणं असं की मोठी पालिका काटकसरीने चालते आणि मोठी कामं पेलते. लोकांची मतं ऐकायला २०१६च्या सुरुवातीला सुनावण्या झाल्या. मी एका सुनावणीला गेले होते. माझ्या पुढच्या रांगेत ग्रेस्टेन्सचे एक वृद्ध माल्टीज गृहस्थ होते, त्यांची भाजीची शेती होती. ते उठून म्हणाले, मी पन्नास वर्षं इथे घरपट्टी भरतो, माझी पालिका कर्जात नाही, मग ती का काढता? पुढे बसलेल्या अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मीही बोलले, तुटक इंग्रजीत, आमच्या सभागृहाबद्दल. तेही लिहून घेतलं.

१२ मे २०१६ला घोषणा झाली. त्या दिवशी राज्यात एकोणीस नव्या पालिका जन्मल्या. होलरॉइड, ऑबर्नचा बराचसा भाग आणि पॅरामॅटाचा वुडव्हिल वॉर्ड मिळून कंबरलँड पालिका झाली. सरकारच्या प्रस्तावात तिचं क्षेत्र ७२ चौरस किलोमीटर आणि वस्ती सुमारे २,१९,००० सांगितली होती. पॅरामॅटाच्या वाट्याला काय गेलं? ऑबर्नच्या उत्तरेकडचा भाग, ऑलिंपिक पार्कसकट, जिथे २०००चे ऑलिंपिक झाले आणि जिथे उंच इमारतींची घरपट्टी मोठी येते. आमच्या वाट्याला मजुरांची, निर्वासितांची, नवागतांची उपनगरं आली. ही वाटणी न्याय्य नव्हती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

त्या दिवसापासून निवडणूक होईपर्यंत, सोळा महिने, आम्हाला नगरसेवक नव्हते, सरकारने नेमलेला प्रशासक होता. तिकडच्या वाचकांना प्रशासक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ९ सप्टेंबर २०१७ला निवडणूक झाली. पाच वॉर्ड, पंधरा नगरसेवक. होलरॉइडचे शेवटचे महापौर ग्रेग कमिंग्ज हेच कंबरलँडचे पहिले निवडून आलेले महापौर झाले. पण हिशेब करून पाहा: होलरॉइडमध्ये सव्वाआठ हजार माणसांमागे एक नगरसेवक होता, कंबरलँडमध्ये चौदा-पंधरा हजारांमागे एक. नगरसेवक आजही भले आहेत. पण ते बाजारात भेटणं आता कमी झालं आहे. २०१७च्याच जुलैत सरकारने उरलेली काही विलीनीकरणं सोडून दिली. ज्या श्रीमंत उपनगरांनी कोर्टात लढा दिला, त्यांच्या पालिका वाचल्या. आमच्याकडे कोर्टात जायला पैसा आणि उसंत कुणाला होती?

शेजारच्या ग्रॅनव्हिल उपनगराची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांची स्वतःची पालिका होती. १९४९च्या जानेवारीत ती पॅरामॅटात विलीन झाली, डंडास आणि अर्मिंग्टन-रायडलमेअरबरोबर. होलरॉइड त्या वेळी वाचली होती. सदुसष्ट वर्षांनी ग्रॅनव्हिलचा बराचसा भाग पॅरामॅटातून काढून कंबरलँडमध्ये घातलं. माझी बहीण कल्याण-डोंबिवलीच्या त्या सत्तावीस गावांपैकी एका गावात राहते. १९८३मध्ये महापालिकेत आत, २००२मध्ये बाहेर, २०१५मध्ये पुन्हा आत. तिला मी फोनवर ग्रॅनव्हिलबद्दल सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘त्यांचं पाण्याचं बिल कुणाच्या नावाने येतं?’’ मला ते उत्तर देता आलं नाही.

आमचे कचऱ्याचे डबे, लाल, पिवळ्या आणि हिरव्या झाकणांचे, विलीनीकरणानंतरही बराच काळ होलरॉइडचंच नाव अंगावर घेऊन मंगळवारी रात्री रस्त्यावर उभे राहायचे. एकेक करून ते बदलले. ग्रेस्टेन्समधलं होलरॉइड हायस्कूल मात्र त्याच नावाचं आहे, निर्वासित कुटुंबांतली कितीतरी मुलं तिथे इंग्रजी शिकून पुढे गेली. विटांच्या भट्टीच्या जागेवर होलरॉइड नावाचं लहानसं उपनगर आहे. बाकी जवळपास १४४ वर्षांची पालिका आता कागदांत आहे. जुन्या इतिवृत्तांत, पट्टीच्या पावत्यांत, सभागृहाच्या नोंदणीच्या वह्यांत.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली आपल्याकडे: लेखाची ऑनलाइन आवृत्ती असेल तर ती ओळ दुरुस्त करावी. ‘पूर्वीच्या होलरॉइड आणि आताच्या कंबरलँड पालिकेतील वेंटवर्थव्हिल’ असं लिहिलं तर पुरेल.

दुसरी, इथल्या मराठी कुटुंबांकडे, जी आपलं वर्तमानपत्र फोनवर वाचतात. १९७० ते २०१६ या काळात तुमच्यापैकी जे होलरॉइडच्या हद्दीत राहिले असतील त्यांनी कपाटं उघडून पाहावीत. नागरिकत्वाच्या समारंभाचे फोटो, सभागृहात झालेल्या पहिल्या गणपतीच्या पत्रिका, हळदीकुंकवाच्या निमंत्रणाच्या झेरॉक्स, मुलांच्या मराठी शाळेच्या हजेरीच्या वह्या. मेरीलँड्सच्या ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचा संग्रह आहे. तिथे जाऊन मी चौकशी केली आहे, ते अशा वस्तू आनंदाने पाहतात आणि जपून ठेवायच्या की नाही ते सांगतात. त्यांच्या फायलींत माल्टीज लोक आहेत, इटालियन आहेत. मराठी माणसाचा एकही कागद मला दिसला नाही. वीस-पंचवीस वर्षांनी कुणी होलरॉइडचा इतिहास लिहायला बसेल तेव्हा त्याला असं वाटू नये की आपण तिथे नव्हतोच.

माझ्याकडच्या पिशवीत १९९९ ते २०१५ या वर्षांच्या सभागृहाच्या भाड्याच्या एकशे बेचाळीस पावत्या आहेत. काहींवर ‘मराठी’ हा शब्द त्या बाईच्या हस्ताक्षरात आहे. त्यांच्यासोबत मी डनमोर स्ट्रीटवरचा अण्णांचा फोटोही देणार आहे. ग्रंथालयाने फोटोमागे लिहायला सांगितलं आहे: कोण, कुठे, कधी. मी लिहिलं आहे, ‘निवृत्त जॉबर, त्रासनखाते, लालबाग, मुंबई. गिरणीच्या फाटकापाशी, वेंटवर्थव्हिल, होलरॉइड, २००३.’ शेजारच्या माणसाचं नाव मला त्या दिवशी विचारायला सुचलं नाही. बाँड्समध्ये काम केलेलं कुणी हे वाचत असेल आणि त्याला ओळखत असेल, तर आपल्यामार्फत कळवावं.

आपली नियमित वाचक,
वेंटवर्थव्हिल, न्यू साउथ वेल्स